बारा नंबरचा डबा

ऊन मी म्हणत होतं, आणि डेल्फीन अँटोन
काही न म्हणता चावी काउंटरवर ठेवून उभी.
पंच्याऐंशीची ओल्ड्समोबाईल, बदामी,
टपावरचा रंग पोपडे धरून उठलेला.
आमच्या आहो गावातली तांब्याची खाण बंद पडली,
त्या साली तिच्या भावानं घेतलेली.
भाऊ गेला. गाडी राहिली.
गार हवा यंदाच्या मेमध्ये गेली.

बॉनेट उघडलं. कंप्रेसरच्या मानेपाशी
तेलाचा ओला डाग, त्यावर धुळीची काळी साय.
चाळीस वर्षं रबरानं धरून ठेवलं,
मग रबरानंही हात टेकले.

म्हटलं, आत बारा नंबरचा गॅस होता.
आता कुणी बनवत नाही. वर गेला की
आभाळाचं पांघरूण विरवतो म्हणतात.
माझ्याकडे एक डबा आहे, फळीवर, मागे,
वडिलांच्या हातचं दुकान होतं तेव्हाचा.
कडेला गंज, पण भरलेला. हलवला की आत हलतं काहीतरी.
माझ्या पिकअपसाठी ठेवलाय, असं मी बारा वर्षं सांगतोय.
पिकअप विकून सात वर्षं झाली.

"नाहीतर एकशे चौतीस," मी म्हटलं,
"तो कुठेही मिळतो. पण जुन्या तेलाशी त्याचं पटत नाही.
आतलं सगळं धुवायचं, नवं तेल घालायचं,
काळ्या रिंगा काढून हिरव्या,
ओल टिपणारी डबी बदलायची.
आणि एवढं करून थोडा कमीच गार."

"व्हायच्या शनिवार-बाजारात एक माणूस
निळ्या नळकांड्या विकतो," ती म्हणाली. "स्वस्त."
"गार करतात त्या," मी म्हटलं. "झकास.
पेटतातही झकास. ह्या गाडीत त्या घालायला कायद्यानं बंदी आहे."
ती खिडकीतून गाडीकडे बघत राहिली.
"व्हर्जिल मागच्या सीटवर झोपतो."

व्हर्जिल तिचा आतेभाऊ. आठवड्यातून तीनदा
रक्त धुऊन घ्यायला सेल्सला. जाताना गप्पा मारतो,
येताना तोंडावर टोपी ओढून पडतो,
आणि रस्त्यावर दुपार असते.

तेव्हा मी फळीवरून डबा काढला.
कापडानं पुसला. पैसे नकोत, म्हटलं.
खरं सांगतो, मला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.
डेल्फीननं डबा हातात घेतला,
किती वजन ते पाहिलं, टरबूज पाहावं तसं.
"हा संपला की?"
मी गप्प.
"आणि पुन्हा गळला की? आणि तू दुकान विकून
मुलीकडे टक्सनला गेलास की?"
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
"जो दुकानात मिळतो, तो घाल."

मग आत उरलेलं आधी मशीनमध्ये ओढून घेतलं.
तीन औंस. भावाच्या वेळचं तेवढंच.
तेल काढलं, चहाच्या गाळासारखं,
धुतलं, पुन्हा धुतलं, पाणी निवळ येईतो धुवावं
तसं, फक्त पाणी नव्हतं ते.
रिंगा बदलल्या. पंप लावून पोकळ केलं
आणि काटा हलतो का बघत
आम्ही दोघं पाऊण तास बसलो.
तिनं पिशवीतून पिनट बटरची बिस्किटं काढली.
काटा हलला नाही.

नवा गॅस जुन्यापेक्षा कमी भरायचा असतो,
शंभराला ऐंशी. जास्त हाव केली तर उलटतो.
जाळीतून बावन्न अंशांची हवा आली.
"सिग्नलला थांबलीस तर जरा गरम होईल," मी सांगितलं.
"सेल्सपर्यंत कुठे आहे सिग्नल?"
विचार केला. एकही नाही.

बॉनेटखाली नवं लेबल चिकटवलं, तारीख घातली,
पुढच्या मेकॅनिकला कळावं म्हणून.
जुनं लेबल खरवडताना नखात शिरलं.

डबा तिनं परत फळीवर ठेवला.
माझ्यापेक्षा उंच आहे ती, जरा पुढे ठेवला,
आता दारातूनच दिसतो.